दासगावचे मोरे

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचं, असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि विसरून गेले. दहावी १९९६ च्या बॅचमध्ये निबंधात मला कधी दहापैकी सहाच्या वर गुण मिळाले नाहीत, हे मराठीच्या बाईंना आठवत असेल. पुढे इंजिनिअरिंग केलं आणि गेली तेवीस वर्षं कोड लिहिते आहे. त्यामुळे सहलीच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या आठवणी इतरांवर सोपवते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाबद्दल मात्र लिहावंसं वाटलं. त्याचं नाव शाळेत असताना मी एकदाही ऐकलं नव्हतं. कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे आर. बी. मोरे.

त्यांची ओळख झाली ती पुरामुळे. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, त्यानंतर चौथ्या दिवशी मी मावशीच्या घरी चिखल काढायला गेले होते. शेजारच्या ओट्यावर भिजलेली पुस्तकं वाळत घातली होती. त्यातल्या एकाच्या मुखपृष्ठावर दासगावचा उल्लेख दिसला म्हणून थांबले. दासगाव माझ्यासाठी महामार्गावरचा एक थांबा होता, एसटीतून खाडी दिसायला लागते ती जागा. पुस्तक मोऱ्यांच्या आयुष्यावरचं होतं. त्यांनी आत्मकथन लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं आणि पुढचा भाग त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहून पूर्ण केला. ती ओली प्रत मी परत ठेवली आणि पुण्याला आल्यावर स्वतःची मागवली.

मोऱ्यांचा जन्म १ मार्च १९०३ चा, महाड तालुक्यातल्या लाडवलीचा. बालपण लाडवली आणि दासगाव या दोन गावांशी बांधलेलं. दासगाव तेव्हा बंदर होतं. मुंबईहून येणारी माणसं आणि माल बाणकोटच्या खाडीने वर येऊन तिथे उतरायचा. या पट्ट्यातल्या महार समाजातले पुष्कळ लोक लष्करात नोकरी केलेले होते. पेन्शन घेऊन परतलेल्या या माणसांनी लिहायला-वाचायला शिकलेलं होतं आणि सरकारला अर्ज कसा करायचा हे त्यांना ठाऊक होतं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतून अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केलं. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलं, तेव्हा त्यांच्याबरोबर बसायला इतर सभासदांनी विरोध केला. म्हणजे गावचा रस्ता, विहीर, शाळा कुठे व्हावी हे ठरवणाऱ्या टेबलाशी कुणाची खुर्ची असावी, हा वाद मोऱ्यांच्या जन्माआधीच आपल्याकडे सुरू झालेला होता.

मोरे हुशार होते. अकराव्या वर्षी त्यांनी अलिबागला जाऊन स्कॉलरशिपची परीक्षा दिली आणि ते पास झाले. आपल्यापैकी किती जण चौथीच्या स्कॉलरशिपला बसलो होतो ते आठवा. निकाल लागला की पेढे वाटायचे, एवढंच आपल्याला माहीत. मोऱ्यांच्या बाबतीत शिष्यवृत्ती मिळाली, पण महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश द्यायला नकार दिला. कारण सरळ होतं, मुलगा महार होता.

इथे त्या मुलाने जे केलं ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. शिष्यवृत्ती मिळूनही आपल्याला शाळा घेत नाही, ही हकिकत पत्रात मांडली आणि ते छापून आलं. गवगवा झाल्यावर शाळेला प्रवेश द्यावा लागला. पण वर्गात बसायला मिळालं नाही. बाहेर बसून आतलं शिकवणं ऐकायचं, अशी ती सोय होती.

अकरा वर्षांचं पोर, ज्याला ना मत, ना घरात कुणी वजनदार माणूस. पण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या गोष्टीबद्दल सार्वजनिक ठिकाणी प्रश्न विचारायचा असतो, एवढं त्याला कळलं होतं. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी हेच केलं.

महाड हे बाजाराचं गाव. तालुक्याच्या वाड्यावस्त्यांतून लोक लाकूडफाटा, गवत घेऊन यायचे, कोर्टकचेरीच्या कामाला यायचे. त्यांतल्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना दिवसभरात गावात घोटभर पाणी मिळायचं नाही. तरुण मोऱ्यांनी खटपट करून अशा लोकांसाठी चहाचं एक दुकान सुरू करवलं. दुकान म्हटलं तर छोटं, पण लवकरच ते भेटण्याची जागा बनलं. कुणाला अर्ज लिहून हवा, कुणाला नोटीस वाचून हवी, कुणाच्या जमिनीचा वाद, कुणावर गावाचा बहिष्कार. मोरे अर्ज लिहून देत, वर्तमानपत्र वाचून दाखवत. आज आपण ज्याला नागरी सुविधा केंद्र म्हणतो, ते शंभर वर्षांपूर्वी महाडात चहाच्या किटलीशेजारी चालत होतं. कुठल्या गावात काय चाललं आहे आणि कोण उभं राहील, याची माहिती मोऱ्यांकडे तिथूनच जमत गेली.

आता थोडा कायद्याचा भाग. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सरकारने तो स्थानिक संस्थांकडे पाठवला. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी स्वतःचा ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे सुरबानाना, यांच्यासारखी सुधारक मंडळी तेव्हा महाडच्या सार्वजनिक कामात होती, म्हणून हे होऊ शकलं.

ठराव झाला आणि त्यानंतर तीन वर्षं काहीही झालं नाही.

माझ्या धंद्यातली माणसं हे लगेच ओळखतील. कोड लिहून झाला, तपासून झाला, मंजूर झाला, पण सर्व्हरवर चढवलाच नाही, तर वापरणाऱ्याच्या हातात काय पडणार? नगरपालिकेच्या वहीत तळं खुलं होतं. तळ्याच्या पायरीवर मात्र एकही अस्पृश्य माणूस उतरत नव्हता, कारण उतरला तर काय होईल हे त्याला माहीत होतं. ज्यांच्यासाठी ठराव केला, ते ठराव करणाऱ्या सभेत नव्हते. नगरपालिकेचं मतच तेव्हा कर भरणाऱ्या मोजक्या लोकांना होतं.

मोऱ्यांचं मोठेपण मला या तीन वर्षांत दिसतं. १९२४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते मुंबईत डॉ. आंबेडकरांना भेटले आणि महाडला परिषद घेण्यासाठी त्यांनी बाबासाहेबांना निमंत्रण दिलं. बाबासाहेब परदेशातलं शिक्षण संपवून नुकतेच परतले होते. परिषद लगेच झाली नाही, तारखा पुढे गेल्या. मोऱ्यांनी पिच्छा सोडला नाही. दरम्यान दासगावातल्या क्रॉफर्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाणवठ्यावर जाऊन लोकांनी पाणी घेतलं, त्यात मोरे पुढे होते. आधी आपल्या गावात करून पाहायचं आणि मग तालुक्याला जायचं, अशी ती रीत होती.

परिषदेच्या तयारीसाठी मोरे आणि त्यांचे सहकारी गावोगाव पायी फिरले. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या वाड्यांवर बैठका झाल्या. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, संभाजी तुकाराम गायकवाड अशी माणसं या कामात होती. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, त्या वेळी काही हजार लोक आले. परिषदेला आलेल्यांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं होतं. गावात तळं आणि तळ्याच्या गावात विकतचं पाणी! परिषद संपता संपता चित्र्यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक शिस्तीने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तीन वर्षांपूर्वीच्या ठरावाची ती पहिली अंमलबजावणी होती, आणि ती नगरपालिकेने नव्हे, लोकांनी केली.

पुढचं आपण इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत वाचलं आहे. लोक आता देवळात शिरणार अशी अफवा उठली, जेवत असलेल्या आणि गावाकडे परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या, नंतर तळ्याचं शुद्धीकरण झालं. पुस्तकात न वाचलेली गोष्ट अशी, की त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. सभेत बहुमत फिरलं की हक्कही फिरतो, हे त्या दिवशी महाडने पाहिलं.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी पद्मावती बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. तिथून पाच मैल चालत महाड. मंडपासाठी महाडात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर मात्र या वेळी जायचं नाही असं ठरलं, कारण विरोधकांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. जमलेल्या हजारो माणसांनी कोर्टाचा हुकूम पाळला आणि कोर्टातच लढायचं ठरवलं. दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचं सिद्ध होत नाही, असं म्हणून विरोधकांचं अपील फेटाळलं. कायदेमंडळाच्या ठरावापासून या निकालापर्यंत चौदा वर्षं झाली, तीही एका तळ्याच्या पाण्यासाठी.

मोरे तोवर दुसऱ्या वाटेवर निघाले होते. मुंबईच्या गिरणगावात राहताना १९३० च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले. बाबासाहेबांबद्दलचा आदर त्यांनी सोडला नाही आणि पक्षही सोडला नाही. दोन्हीकडच्या माणसांना हे अवघड वाटायचं. जात हा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात आपोआप विरघळणार नाही, असं ते पक्षात सांगत राहिले आणि त्यावर त्यांनी पक्षाला टिपणंही लिहून दिली. हयातभर कामगार वस्तीत राहिले, भूमिगत राहिले, पैसा कधी साठला नाही. घर सीताबाईंनी ओढलं. १९६५ मध्ये त्यांनी जीवनमार्ग हे साप्ताहिक सुरू केलं. पहिलं पत्र वर्तमानपत्राला अकराव्या वर्षी लिहिलेल्या माणसाने बासष्टाव्या वर्षी स्वतःचं पत्र काढलं. ११ मे १९७२ ला ते गेले.

त्यांचं राजकारण पटो न पटो, मला त्याबद्दल मत द्यायचं नाही. मला हा माणूस अडचणीत टाकतो, तो दोन कारणांनी, आणि दोन्ही पाण्याची आहेत.

पहिलं कारण आपल्या शाळेतलं. व्हरांड्यात, स्टाफरूमच्या बाजूला, दोन माठ असायचे. मी धावत येऊन डाव बुडवायचे आणि प्यायचे. आपल्यातला एक मुलगा दहा वर्षांत त्या माठाजवळ कधी दिसला नाही. तो मैदानाच्या कडेच्या नळाला तोंड लावायचा, उन्हाळ्यात तो नळ तापलेला असायचा तेव्हाही. मला तेव्हा वाटायचं, त्याला नळाचंच पाणी आवडतं. हे पुस्तक वाचल्यावर मी त्याला फोन केला. लिहू का, हेही विचारलं, आणि नाव न घालता लिही असं त्याने सांगितलं. त्याचं म्हणणं असं, की शाळेत त्याला कुणी कधीही अडवलं नाही, ना सरांनी, ना बाईंनी, ना आपल्यापैकी कुणी. पहिलीच्या पहिल्या दिवशी त्याच्या आईनेच सांगून पाठवलं होतं, माठाला हात लावू नकोस, उगाच भानगड नको. माठ सगळ्यांना खुला होता. तो खुला आहे हे त्याला कुणी हाताला धरून सांगितलं नाही, एवढंच. शेजारच्या बाकावर बसून मीही नाही.

सर, बाई, हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही आम्हाला एका रांगेत बसवलं, एका फळ्यावर शिकवलं. वहीतला ठराव आणि पायरीवरचं पाऊल यांच्यात किती अंतर असतं, ते मला इथे कळलं म्हणून लिहिते.

दुसरं कारण गावातलं. आमचं गाव खाडीकाठचं. खारबंदिस्तीला खांड पडली आहे आणि उधाणाचं खारं पाणी भाताच्या शेतात येतं. दर भरतीला मी पुण्यातून ग्रुपवर फोटो टाकून संताप व्यक्त करत होते. एका २६ जानेवारीला योगायोगाने गावात होते आणि ग्रामसभेला जाऊन बसले. तिथे मला कळलं की मी नुसती बसू शकते. माझं नाव पुण्याच्या मतदार यादीत, त्यामुळे गावच्या ठरावावर माझा हात मोजला जात नाही. दुसरी गोष्ट, गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. त्या दिवशी जेमतेम तीस माणसं होती. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून नंतर अकरा माणसांनी सगळे विषय मंजूर केले. नियमाविरुद्ध काही झालं नाही. बंधाऱ्याचा विषय त्यांत नव्हता, कारण तो विषयपत्रिकेवर घ्या असा अर्जच कुणी दिला नव्हता. ग्रुपवरचे फोटो म्हणजे अर्ज नव्हे.

१९९३ पासून ग्रामसभेला घटनेत जागा आहे. मोऱ्यांना तालुक्याच्या गावात उभं राहायला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी चहाच्या दुकानात सभा भरवली. आपल्याला वर्षातून किमान चार वेळा मांडलेली सतरंजी मिळते आणि ती रिकामी राहते.

माझी आई पंच्याहत्तरीची. ती त्याआधी कधी ग्रामसभेला गेली नव्हती, तिथे बायकांचं काय काम असं समजून. मी अर्ज लिहून दिला, तिने सही केली आणि वाडीतल्या सतरा बायकांच्या सह्या घेऊन ती आधी महिला सभेला आणि मग ग्रामसभेला गेली. विषय घेतला गेला, ठराव झाला, ठरावाची नक्कल तिने मागून घेतली आणि ती आता देवघराच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. बंधारा अजून झालेला नाही. मागच्या ऑगस्टच्या उधाणालाही पाणी आलं. पण आता दर ग्रामसभेत ती उठून मागच्या ठरावाचं काय झालं, एवढंच विचारते आणि खाली बसते. तिच्याबरोबर आता इतर बायकाही उठतात.

मित्रमैत्रिणींनो, आपण मेळाव्यात भेटू तेव्हा गप्पा, फोटो, जेवण सगळं होईलच. शाळेला वॉटर कूलर भेट द्यायचं आपल्या कमिटीने मंजूर केलं आहे. माझी एकच विनंती आहे. तो बसवल्यावर कमिटीने नुसती फीत कापून निघू नये. नळाच्या कडेला थांबणाऱ्या एखाद्या पोराला हाताला धरून आणावं आणि पहिला पेला त्याच्या हातात द्यावा. आपल्या त्या मित्रालाही मी सांगितलं आहे. तो येतो म्हणाला आहे. मी त्याच्यासाठी दारात थांबणार आहे.